सवतीचा टाक

अंगणात मला खाली बसवलं. नवऱ्यानं मागनं केस धरले, घरच्यांनी हात. खालापूरकडून आणलेल्या भगतानं निखाऱ्यावर मिरच्या टाकल्या आणि माझं तोंड धुरावर दाबलं. सगळी आळी बघत होती. पदर घसरला, तो सावरायला कुणी माझा हात सोडंना.

"कोण हायस तू? नाव सांग."

मी बोलत नव्हते, एवढाच माझा गुन्हा. माझी पोर पाचवी पुजायच्या आधीच गेली. सासू म्हणाली, "पोरगीच होती. तिच्यापायी काय रडायचं?" अंग ओलं असतानाच मला लावणीला चिखलात उतरवलं. त्यानंतर आतलं सगळं विझलं. भूक नाय, झोप नाय, रडूसुदीक नाय. भाकर भाजताना हाताला चटका बसला तरी कळायचं नाय. माहेर नेरळला. तिथनं निरोप आला, नवऱ्याचं ऐक.

घरानं ठरवलं, सवतीनं धरलंय. मला दुसरेपणावर दिलेली. पहिली विहिरीत गेली. तिच्या नावाचा, मूर्त उठवलेला चांदीचा टाक लग्नातच माझ्या गळ्यात बांधला. रोज आधी तिला हळदकुंकू, मग मला.

जाऊ कानाशी वाकली. "घे गं तिचं नाव. सोडतील तुला. तीपण अशीच गप झालेली. तिलापण असंच धुरावर धरलेलं."

मग तिच्या अंगात कोण शिरलं होतं? तिच्या आधी तर या घरात सवत नव्हती.

डोळ्यांची आग होत होती, तरी मला सगळं कळलं. नाव घेतलं की मी सुटणार. खापर त्या मेलेलीवर फुटणार. आणि घर धुतल्या तांदळासारखं.

"नाव सांग."

मी माझं सांगितलं. आईनं ठेवलेलं. लग्नापासून ते कुणी घेतलं नव्हतं.

भगत म्हणाला, "लय चिवट हाय."

"मीच हाय, दुसरी कुणी नाय," मी म्हणाले. "माझी पोर गेली. तुमी रडू दिलं नाय. पहिलीलाबी तुमीच विहिरीत घातलंत."

मग मारलं. लय मारलं. मी परत माझंच नाव सांगितलं. भगत नारळ उचलून निघून गेला.

टाक अजून गळ्यात हाय. सासूला वाटतं, भिऊन घालते. पहिली एकटी पडू नये म्हणून घालते मी. पाणी त्याच विहिरीचं भरते. काठावर उभी राहते, घागर ओढते, घरी येते. कितीबी भगत आणा. त्या विहिरीत मी जायची नाय.