चष्मेवाल्यांचे अठ्ठ्याहत्तर

सोफ्यावर बसून गोल्फ खेळण्यात चष्मेवाल्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. टीव्हीवर मोठ्या स्पर्धेचा शेवटचा दिवस चालला होता, आणि तीही त्यांच्याच क्लबच्या मैदानावर, घरापासून पाऊण तासावर. पण तिकडे उन्हात माना उंच करण्यापेक्षा घरूनच जास्त चांगलं दिसतं, असं त्यांचं मत होतं. चष्मे विकणाऱ्या माणसाचं मत, तेव्हा मान्य करणं भाग होतं.

शेवटच्या होलवर एका नावाजलेल्या खेळाडूने अडीच फुटांवरून चेंडू ढकलला आणि तो भोकाच्या काठाला लागून बाहेर गेला. चष्मेवाले सोफ्यावरून उसळले.

"काय हा पोरखेळ! एवढ्या जवळचा फटका आमच्यात कोणी खेळतसुद्धा नाही!"

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. दर रविवारी दंतवैद्य, वकील आणि चष्मेवाले असे तिघं खेळत, आणि त्यांच्यात एक जुनी रीत होती. चेंडू भोकापासून काठीच्या मुठीएवढ्या अंतरात आला, की बाकीच्यांनी म्हणायचं, "दिला!" मग तो उचलून खिशात टाकायचा. वर्षं सरली, पाठी दुखायला लागल्या, आणि मुठीचं अंतर वाढत वाढत अख्ख्या काठीवर आलं. दिलेला फटका कधी मोजला जाई, कधी बोलण्याच्या नादात राहून जाई. आज मी तुला दिला, उद्या तू मला दे. अशा सहकारी तत्त्वावर चष्मेवाले बहात्तर फटक्यांचा हिशेब असलेल्या मैदानावर पंच्याहत्तर फटक्यांत फेरी संपवत आणि क्लबात ताठ मानेने फिरत.

दुकानात मात्र हाच माणूस भलताच कडक. तक्त्यावरची शेवटची ओळ कोणी अंदाजाने वाचली, की म्हणायचे, "अंदाज घरी. इथे दिसतं ते सांगा." त्यांनी काढलेला नंबर चुकला, असं गावात कोणी म्हणालं नव्हतं.

तर टीव्ही बंद करून चष्मेवाले बायकोकडे वळले. "उद्या सभासदांना मैदान जसंच्या तसं खेळायला देणार आहेत. भोकांवरचे तेच झेंडे, तेच गवत. मी किती करीन सांगू? अठ्ठ्याहत्तर."

"बरं," बायको म्हणाली. ती फ्रेमा पुसत होती.

"अगं, बरं काय? अठ्ठ्याहत्तर केले तर मी ज्येष्ठांच्या व्यावसायिक स्पर्धांत उतरू शकतो. गावोगावी. दुकान पोरीच्या हवाली करायचं आणि निघायचं. तीस वर्षं लोकांच्या नाकावर काचा बसवल्या, आता पुरे की!"

हे खूळ आजचं नव्हतं. गेली दोन वर्षं जेवताना, झोपताना हाच पाढा चालू होता. बायकोने फ्रेम खाली ठेवली. "ऐंशीच्या आत आलात, तर दुकान पोरीचं. नाही आलात, तर हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही. कबूल?"

"कबूल!"

दंतवैद्यांची पाठ नेमकी त्याच रात्री धरली. वकिलांची तारीख निघाली. शहाणी माणसं ती. ज्या मैदानावर काल जगातल्या भल्याभल्यांच्या नाकी नऊ आले, तिथे आपली झाकली मूठ उघडायला कशाला जातील? राहिली बायको. ती म्हणाली, "फटक्यांचं कार्ड मी लिहीन." पायात कोरे करकरीत बूट होते, जाड तळव्यांचे, चांगले भारीतले.

"एका दिवसासाठी एवढे बूट?" चष्मेवाले हसले. तिने नाड्या आवळल्या.

क्लबात कार्ड देणाऱ्या बाईंनी तिला एकच गोष्ट समजावली होती: चेंडू भोकात पडेपर्यंत प्रत्येक फटका मोजायचा.

पहिलाच फटका उजवीकडच्या उंच गवतात गेला. टीव्हीवर ते गवत हिरवं, मऊ दिसायचं. इथे त्यात घोट्यापर्यंत पाय बुडाला आणि चेंडू दिसेनासा झाला. "हा बघा," बायकोने शोधून दिला. कसाबसा बाहेर काढून, वाळूच्या खड्ड्याची भेट घेऊन, पाचव्या फटक्यात चेंडू भोकापासून दोन फुटांवर आला. चष्मेवाल्यांनी सवयीने वाकून तो उचलला.

"अहो, आत कुठे गेला?"

"तो दिलेला असतो."

"कोणी दिला?"

चष्मेवाल्यांनी मागे वळून बघितलं. इथे द्यायला होतं कोण?

"मी तर नाही दिला," ती म्हणाली. "ठेवा परत."

त्यांनी ठेवला आणि हलकेच ढकलला. तेल सांडलेल्या फरशीवरून जावा तसा चेंडू भोकाला वळसा घालून चार फूट पुढे गेला. आणखी दोन फटक्यांनी तो आत गेला, आणि कार्डावर आठाचा आकडा पडला.

नऊ होल संपले तेव्हा एकोणपन्नास झाले होते. म्हणजे अठ्ठ्याहत्तरचं घोडं निम्म्या वाटेतच बसलं होतं. बायकोने विचारलं, "परत जायचं का?" तिचा आवाज पडला होता, चष्मेवाल्यांना वाटलं, चालून दमली. मनातून त्यांना पळून जावंसं वाटत होतं, रडूही येत होतं. पण काल ज्याला पोरखेळ म्हटलं, तो अर्ध्यावर टाकून जायचं कुठल्या तोंडाने?

"नाही. लिही तू."

शेवटच्या होलवर आले तेव्हा पंच्याण्णव झाले होते. आता लाज राखायची ती शंभराच्या आत. आणि काय देवाची करणी, इथे पहिला फटका सरळ गेला, दुसराही सरळ, आणि तिसरा थेट झेंड्याकडे घरंगळत अडीच फुटांवर थांबला. कालचीच जागा, कालचाच फटका. हा घातला की नव्याण्णव.

चष्मेवाले चेंडूवर वाकले. सरळ झाले, पुन्हा वाकले. कालच्या त्या बिचाऱ्याची त्यांनी मनातल्या मनात माफी मागितली.

"दिला," बायको हळूच म्हणाली.

त्यांनी मान वर केली. दिवसभरात तिने एक इंच सोडला नव्हता.

"नको," ते म्हणाले. "आज दिसतं तेच लिहू."

चेंडू काठाला लागून बाहेर गेला. पुढच्या फटक्याला पडला. बायकोने शंभर लिहिले.

गाडी क्लबाच्या फाटकाबाहेर पडली. मग चष्मेवाले म्हणाले, "विषय संपला. तू म्हणशील तसं. तुझ्या मनासारखं झालं."

"माझ्या मनासारखं?" ती वाकून बुटांच्या नाड्या सोडत होती. "अहो, हे बूट काय एका दिवसासाठी घेतले होते मी? गावोगावी तुमच्याबरोबर चालायचं म्हणून घेतले. मलाही काय त्या फ्रेमा जन्मभर पुसायच्या होत्या?"

चष्मेवाल्यांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. "मग एवढी कडक कशाला वागलीस?"

"पुढे कोणी बोट दाखवू नये म्हणून. आणि तुम्हाला दिलेले लागतात, हे मला काय माहीत? तुम्ही म्हणालात अठ्ठ्याहत्तर. तुमचा नंबर कधी चुकत नाही."

साऱ्या क्लबात त्या आकड्यावर विश्वास ठेवणारं एकच माणूस होतं, आणि ते शेजारी बसून बूट काढत होतं. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. चष्मेवाल्यांनी गाडी कडेला घेतली.

"काढू नकोस," ते म्हणाले. "दुकान अकराला उघडू उद्यापासून. सकाळी चालायला जाऊ."

"किती लांब?"

चष्मेवाले आकडा सांगणार होते. तोंडापर्यंत आलेला त्यांनी गिळला.

"जाऊ तितकं खरं," ते म्हणाले. तिने नाडी पुन्हा बांधली.