मे महिन्याचे मासे

दादाशी शेवटचं बोलणं नागपूरच्या दवाखान्यात झालं. औषधं, रिपोर्ट, धुतलेला टॉवेल, सगळं मी जागच्या जागी लावत होते. त्यानं डोळे उघडले आणि विचारलं, “घरी लाइन आहे का वं?”

आदल्या संध्याकाळी गोंदियात वादळ झालं होतं, तेव्हापासून वीज नव्हती. तसं सांगून टाकलं. बैठकीतल्या माशांच्या काचेच्या टाकीचे पंप बंद, बाहेर मे महिन्याचं ऊन... “राहतील,” दादा म्हणाला, आणि झोपला.

समुद्रापासून इतक्या लांब, भाताच्या मुलखात, माझ्या भावानं घरात समुद्र ठेवला होता. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून आला की तो गाळलेल्या पाण्यात मीठ विरघळवत बसायचा. मुंबईहून रेल्वेनं खडक आले, त्यांवर प्रवाळ वाढले. सकाळी टाकीचा दिवा लागला की दगडाला फुलं फुटावीत तसे ते हळूहळू उघडत, आणि आम्ही हातातला चहा विसरून उभे राहत असू.

बघायला येणाऱ्यांची तक्रार मात्र ठरलेली. “पाचच मासे? मग कायले एवढी मोठी टाकी आणली जी, सर? यात तर आमचा पूरा मोहल्ला राहून जाईल!” टाकी विकणारा नागपूरचा दुकानदारही म्हणे, लिटरच्या हिशेबानं डझनभर सहज मावतील. दादा नुसता हसायचा.

त्याचा हिशेब आमच्या बाबांचा होता. सालेकशाकडच्या आमच्या गावात तलावात माशांचं बीज सोडायच्या दिवशी पाणी काठोकाठ असे. लोक म्हणत, आणखी सोडा. बाबा त्या भरल्या पाण्याकडे बघतच नसत. मे महिन्यात तलाव कुठवर उतरतो ते पाळीवर, तलावाच्या बांधावर, उभे राहून बोटानं दाखवत... तेवढ्या पाण्यापुरतंच बीज. “इथं पाणी आटत नाही,” दादा टाकीवर हात ठेवून सांगायचा, “लाइन गेली का पाण्यातली हवा आटते. सगळ्यात वाईट दिवस धरूनच मासे मोजायचे.” इतक्या देखण्या पाण्यात याला वाईट दिवस दिसतो तरी कसा, याचं मला नवल वाटे.

त्या दिवशी दवाखान्यात तो झोपल्यावर बाहेर येऊन घरी वहिनीला फोन लावला. “लोट्यानं पाणी काढून वरून ओतून राहिली मी,” ती धापा टाकत म्हणाली. “पाचही फिरून राहिले, ताई. सांगा त्यायले.”

संध्याकाळी वीज आली. पाचही जगले. दादा त्याच आठवड्यात गेला.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. उरलेल्या कामांत टाकी होती. “नागपूरचा दुकानदार सगळं घेऊन जाईल. विचारू का त्याला?” मी म्हटलं.

वहिनी काचेवरचं शेवाळ पुसत होती. “काऊन, ताई? माह्या एकटीच्यानं होतील तेवढेच मासे ठेवले ना त्यायनं.”

मग तिनं पदर खोचला आणि खाऱ्या पाण्याची बादली उचलून टाकीपाशी आणली.