मंगळावरचे कपडे

नव्या सुती कापडाच्या खळीचा वास आला की मला नागपूरचं ते विज्ञानकथा संमेलन आठवतं. तिथे मी पहिल्यांदाच कथा वाचणार होते, म्हणून उमरेडहून बाबा खळीचा नवा सुती सदरा घालून सोबत आले होते. बाबांचा जन्म हातमागावर गेला. माझ्या कथा त्यांनी कधी वाचल्या नव्हत्या. बाहेर एप्रिलचं ऊन होतं, सभागृहात कूलर घरघरत होते आणि ओल्या वाळ्याचा वास भरून राहिला होता. माझी कथा मंगळावर वसलेल्या एका गावाची होती. वाचन संपलं, टाळ्या पडल्या, आणि प्रश्न विचारायला मागच्या रांगेतून बाबाच उठले. "तिथं कापूस पिकत नाही म्हणते तू, मंग त्या लोकायचे कपडे कोण विणते?" सभागृह हसलं. माझे कान तापले. यंत्रं विणतात, असं काहीतरी मी पुटपुटले. बाबा मान हलवून खाली बसले. परतीच्या बसमध्ये मी चिडून विचारलं, "बाबा, तुम्ही काहून उठले? सारे हासले न मले." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सारे टाळ्या वाजवून राहिले होते, पोरी. मी तुह्या गावात फिरून राहिलो होतो. तिथं माह्या हाताले कुठंच काम दिसलं नाही." उमरेड येईपर्यंत मी कथेच्या कागदांवर त्या गावात एक हातमाग मांडला होता. ती कथा मी पुन्हा लिहिली, आणि छापून आल्यावर बाबांनी ती दोन दुपारी बसून वाचली. आता ते नाहीत. पण नवी कथा सुचली की त्यातल्या गावात बाबांना कुठे बसवायचं, हे मी सगळ्यात आधी ठरवते.