म्हण, पाणी

"म्हण. पाणी."

मी म्हणाले, "पानी."

"पानी नाही गं. पाणी. जीभ वर ने. टाळूला लाव."

लेले मॅडमनी हातातली पेन्सिल माझ्या हनुवटीखाली धरली आणि माझं तोंड वर उचललं. पेन्सिलची खोडरबराची बाजू. टोक मला लागू नये म्हणून. तशा त्या काळजी घेणाऱ्या होत्या.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एक औषधांची कंपनी. तिच्या ऑफिसात शिरलं की पहिला टेलिफोनचा बोर्ड, बोर्डामागे मी. कानावर हेडफोन. समोरच्या सोफ्यावर भेटायला आलेली माणसं बसलेली. त्यातल्या एकाने वाचत असलेला पेपर दुमडून मांडीवर ठेवला, नीट बघता यावं म्हणून. बोर्डावर दोन दिवे लागले होते. दोन माणसं कुठूनतरी फोन करून वाट बघत होती. आणि मी तोंड वर करून बसले होते, दातांच्या डॉक्टरपुढे बसतात तशी.

"पानी," मी पुन्हा म्हणाले.

पेपरवाला हसला. त्याचं बघून शेजारचा हसला.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेन्सिल काढून घेतली आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "तुमच्याकडे घरी असंच बोलतात ना? मग तुझा तरी काय दोष."

मी म्हणाले, "थँक यू, मॅडम."

असं म्हणाले मी. कुणी शिकवलं नव्हतं. आपोआप तोंडातून आलं.

लिहिताना माझा ण कधी चुकला नाही. दहावीला मराठीत वर्गात पहिली होते. चुकतो तो जिभेवर. आम्ही मराठवाड्यातले. दुष्काळात गाव सोडून बाप जोगेश्वरीच्या टेकडीवर आला, खाणीत दगड फोडायला लागला, छातीत धूळ भरून गेला. आई अंधेरीच्या एका सोसायटीचे जिने झाडते. घरात भिंतीवर निळ्या कोटातला फोटो. शिका म्हणून सांगणारा. मी शिकले. ऑपरेटरचा कोर्स केला. गिरण्यांचा संप फसला होता, वस्तीतले बापये घरी बसले होते, आणि अशा दिवसांत मला नोकरी लागली. वस्तीत पेढे वाटले आईने.

म्हणून मला वाटायचं, हे माझ्या लायकीपेक्षा जास्त मिळालंय. कधीही काढून घेतील. हे कुणी बोललं नव्हतं. माझंच डोकं रोज सकाळी गेटपाशी मला सांगायचं. आज पकडली जाशील. आज कळेल सगळ्यांना.

लेले मॅडम आमच्या पर्सोनेल ऑफिसर. कडक इस्त्रीची सुती साडी, केसांत एखादं फूल. नाटकात कामं केलेल्या. कुणावर आवाज चढवत नसत. पेन्सिलच्या त्या प्रसंगानंतर त्यांनी शनिवारचा वर्ग सुरू केला. वर्ग म्हणजे मी एकटी. शनिवारी अर्धा दिवस. सुटायच्या आधी सगळा स्टाफ रिसेप्शनमध्ये जमायचा. मॅडम मला उभं करायच्या आणि पेपरातला उतारा मोठ्याने वाचायला लावायच्या. कारण, कारखाना, आणीबाणी, निवडणूक. माझा न आला की अकाउंट्समधला कुणीतरी खोकायचा. मग बाकीचे खोकायचे. मॅडम म्हणायच्या, "हसू नका रे. ती प्रयत्न करतेय."

मी खरंच प्रयत्न करत होते. हेच तर सगळं दुखणं.

ऑपरेटरचं कामच 'कोण बोलतंय' विचारायचं. मी ते विचारणं बंद केलं. "आपलं नाव?" म्हणायला लागले. "कोणाशी बोलायचंय?" ऐवजी "एक्स्टेन्शन नंबर?" 'आणि' वाक्यातून काढून टाकला. 'पण' गेला. 'म्हणून' गेलं. तोंड उघडायच्या आधी सगळं वाक्य डोक्यात एकदा तपासायचं, त्यात कुठे ण दडलाय का बघायचं, मग बोलायचं. दिवसभर. प्रत्येक फोनला. तोवर पलीकडचा माणूस वैतागून म्हणायचा, "हॅलो, झोपलात काय?"

मग मी आणखी घाबरायचे. आणि घाबरले की आणखी काम अंगावर घ्यायचे. जेवणाच्या सुट्टीत बोर्ड कोण सांभाळणार? मी. दिवाळीत कोण येणार? मी. दुसरी ऑपरेटर फिलोमिना, मढच्या कोळीवाड्यातली, तिच्या पोराला ताप आला की तिची पाळी मी करायचे. मला वाटायचं, आपण इतकं उपयोगी पडायचं की काढायचं मनातच येऊ नये कुणाच्या. एप्रिलातल्या जयंतीलासुद्धा कामावर गेले. वस्ती निळी झाली होती, पोरी पांढऱ्या साड्या नेसून मिरवणुकीला निघाल्या होत्या आणि मी मान खाली घालून बसस्टॉपवर उभी. शेजारची म्हणाली, "साहेबीन झाली ही." मी उत्तर दिलं नाही. उत्तरात ण होता.

हळूहळू घरीही बोलणं संपलं. आई काही विचारायची, मी मान हलवायचे. कानात घंटी वाजत राहायची. भांड्यावर भांडं आपटलं तरी हात हेडफोनकडे जायचा. जेवण गिळायला त्रास. सकाळी बसमधून उतरले की समोर कंपनीचं गेट दिसायचं आणि पाय जड व्हायचे. स्टॉपच्या बाकावर बसून राहायचे. उठ, म्हणायचे स्वतःला. पाय ऐकायचे नाहीत. मग आतला तो आवाज म्हणायचा, बघ, चालताही येत नाही तुला. तेवढं ऐकल्यावर मात्र उठायचे. शिवी खाल्ल्यावर बैल उठतो तशी.

एका दुपारी बोर्डावर दिवा लागला. पिन लावली. तोंड उघडलं. आवाज नाही.

नुसती हवा. पुन्हा प्रयत्न केला. हवा. पलीकडून हॅलो, हॅलो. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि गळ्यातून काहीच नाही. फिलोमिनाने माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढला आणि माझी लाइन घेतली.

म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून बघितलं. म्हणाले, "घशात काही नाही." मग विचारलं, "कामावर कुणाचा त्रास आहे का?"

मी मान हलवली. नाही. काय सांगणार? एक बाई मला शुद्ध बोलायला शिकवते, असं?

त्यांनी विश्रांती घ्यायला सांगितलं. मी घरी बसले. विश्रांती कसली. आमच्या वस्तीच्या वर बंद पडलेली खाण आहे, तिच्यात पाणी साठून तळं झालंय. बापाने तिथेच दगड फोडले. आई कामावर गेली की मी त्या काठावर जाऊन बसायचे. पाणी हिरवं, खोल. मनात काय यायचं ते लिहिताना अजून हात थांबतो. एवढंच लिहिते, की मी तिथे फक्त बसायला जात नव्हते. एकदा कपडे धुवायला आलेल्या एका बाईने माझ्या दंडाला धरून मला मागे ओढलं आणि विचारलं, "कुनाची गं तू?" मला आईचं नावही सांगता आलं नाही. तिने हात सोडला नाही. तशीच दाराशी आणून सोडलं.

त्या संध्याकाळी आईने मला समोर बसवलं. ती ओरडली नाही. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "सोड ती नोकरी. उद्यापासून चल माझ्यासंगं झाडायला. तिथं बरं असतं बाई. तोंड उघडायलाच लागत नाही. कुनी काही इचारतच नाही आपल्याला."

ती मला वाचवायला म्हणत होती. खरंच वाचवायला. पण ते वाक्य माझ्या अंगावर कुणी उकळतं काहीतरी ओतावं तसं पडलं. सगळी वर्षं ती त्या जिन्यांवरून खालीवर करत होती आणि कुणी तिला एक शब्द विचारला नव्हता. आणि हे तिला बरं वाटायला लागलं होतं. मीही तिकडेच चालले होते की. मला झाडू हातात घ्यायची गरजच नव्हती. कंपनीत बसूनच मी मुकी होत होते.

दुसऱ्या दिवशी फिलोमिना आली. टेकडी चढून घामाघूम, पिशवीत सुके बोंबील. दारातच बसकण मारली आणि आईला म्हणाली, "आये, जरा पानी दे गं. दम लागला माला."

आईने तांब्या दिला. दोघी बोलायला लागल्या. मी भिंतीला टेकून ऐकत होते. फिलोमिना आईला सांगत होती, "कोन तो डॉक्टर? काय बोलला?" मग म्हणाली, "मॅडम बोलते ही नाटक करते. मी बोलली, नाटक तुमी करता, ही नाय."

पानी. कोन.

वर्षभर मी तिच्या शेजारी बसले होते. त्याच बोर्डावर. ती रोज सगळ्या मुंबईला विचारायची, कोन बोलतंय? आणि मी ते कधी ऐकलंच नव्हतं. माझं सगळं लक्ष माझ्या जिभेवर.

मी तिच्याजवळ सरकले. घोगरा, फाटका आवाज निघाला. पण निघाला. "फिलो, मॅडमनी तुला कधी ण म्हनायला लावला?"

"माला?" तिला प्रश्नच कळला नाही. "माला कशाला? मॅडम बोलते, तुझा मराठी ऐकायला किती गोड वाटतो."

गोड.

तोच न. तोच बोर्ड. तिच्या तोंडात गोड, माझ्या तोंडात घाण. मग हा जिभेचा प्रश्नच नव्हता. टाळूचा नव्हता. मी सहा महिने आरशापुढे जीभ वळवत होते ते उगाच. माझा ण उद्या लेले मॅडमपेक्षा स्वच्छ झाला असता तरी त्यांनी दुसरं काही शोधलं असतं. माझी वेणी. माझा डबा. माझं चालणं. त्यांना दुरुस्त करायचं होतं ते माझं बोलणं नव्हतं, मी होते.

मला रडू आलं नाही. राग आला. इतका, की मी उठून उभी राहिले. फिलोमिना घाबरली. म्हणाली, "काय झालं गं?" आई म्हणाली, "बोलू दे तिला." मी खूप वेळ बोलले. कसल्याही क्रमाशिवाय. न आले, ण आले, मी मोजले नाहीत.

शनिवारी कामावर गेले. पाय जड होतेच. आतला आवाजही होता. त्याला तसाच बरोबर घेऊन गेले.

सुटायच्या आधी सगळे जमले. मॅडम म्हणाल्या, "आलीस? बरं झालं. घसा बसला म्हणून खंड पडू द्यायचा नाही." आणि पेपर पुढे केला.

मी हात पुढे केला नाही.

"मी वाचनार नाही, मॅडम."

अकाउंट्समधून खोकला आला. मी त्या बाजूला बघितलं. खोकला थांबला.

"अगं, तुझ्याच भल्यासाठी..."

"फिलोमिना पन 'न'च म्हनते. तिला तुम्ही कधी उभं केलं नाही. मला केलं. का, ते सांगा."

मॅडमचा चेहरा लाल झाला. पहिल्यांदाच त्यांचा आवाज वर गेला. "तुम्हां लोकांना काही चांगलं शिकवायला जावं तर..."

"कुठल्या लोकांना?"

मी थांबले. खरंच उत्तराची वाट बघत थांबले. बोर्डावर दिवा लागला, फिलोमिनाने तो घेतला नाही. मॅडमनी पेपरची घडी घातली आणि केबिनमध्ये गेल्या.

सोमवारी माझी बदली झाली. मागे गोडाऊनमध्ये, खोके चिकटवायला. कारण, वागणूक उद्धट. खिडकी नाही, औषधांच्या वासाने डोकं दुखतं. युनियनवाला म्हणाला, "ताई, बाईंनी शिवी तर दिली नाही ना? मग केस काय करायची?" फिलोमिना रोज डबा घेऊन माझ्याकडे येते. बाकी कुणी येत नाही.

मी जिंकले असं कुणी समजू नये. रात्री अजून दचकून उठते. सकाळी तो आवाज अजून गेटपाशी उभा असतो. काय गरज होती, म्हणतो. चांगली खुर्ची घालवलीस. कधी कधी त्याचं पटतं. पटलं तरी मी आत जाते. दुसऱ्याची पाळी आता करत नाही. बरं नसलं तर सुट्टी मागते, नाही मिळाली तर घेते. यंदा जयंतीला मिरवणुकीत होते, आईच्या बरोबर, आणि घोगऱ्या आवाजात घोषणा दिल्या.

परवा मॅडमनी बोलावलं होतं. आवाज पुन्हा मऊ. म्हणाल्या, "नुसतं सॉरी म्हण. सगळ्यांसमोर नको, इथेच म्हण. लगेच बोर्डावर परत घेते."

मी नाही म्हणाले.

सॉरी म्हणणार नाही. नोकरीही सोडणार नाही. मला काढायचं असेल तर त्यांनी काढावं. पण काढताना कारण तोंडाने सांगावं. माझ्यासमोर उभं राहून, शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.