काकांच्या बंदुकीचं माप

दसऱ्याच्या पूजेत काकांकडे कोयता, विळा आणि नांगराचा फाळ यांच्या शेजारी एक बंदूक असायची. ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे घालून लोखंडी गजाने ठासायची. भातात शिरणारी रानडुकरं हाकायला आजोबांनी ती घेतली होती. परवाना त्यांनी काढला नाही, काकांनीही नाही. दिघाशी गावातल्या घरी काका आणि काकी दोघंच असत, मूलबाळ नव्हतं. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मी त्रेचाळीस वर्षांचा, काका बहात्तरचे. आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवून ते म्हणाले, "माझ्यामागं जमीन तुझी, न् ही पण तुझीच."

जमिनीला सातबारा होता, बंदुकीला काहीच नव्हतं. मी भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात मेहताजी होतो. उतरलेलं कापड मोजायचं आणि वहीत लिहायचं, हे माझं काम. विनाकागदाची वस्तू मला घरात नको होती.

"तुमच्या हातानंच पोलीस ठाण्यात जमा करू," मी म्हणालो.

"न् मलाच आत बसवलं तर? ती बंदूक न्हाय रे, देव हाय."

"देवाला गंज चढतो का?" काकी आतून म्हणाल्या. "द्या एकदाची."

ओळखीच्या वकिलांनी बजावलं, की बंदूक एस.टी.त घेऊन फिरू नका, आधी फक्त अर्ज न्या. कचेरीबाहेरचा अर्ज लिहिणारा म्हणाला, "शेत नांगरताना सापडली असं टाकू. सगळे तसंच टाकतात." बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर हळदीकुंकवाचा इतक्या वर्षांचा थर बसलेला, नांगराला लागलेल्या वस्तूवर कुंकू कुठून येणार? खोटं मला लिहवलं नसतं आणि ते टिकलंही नसतं. अर्ज मीच लिहायचा ठरवला.

त्यासाठी वर्णन हवं होतं. शुक्रवारी लूम बंद असतात. त्या दिवशी कारखान्यातली मोजपट्टी खिशात घालून मी दिघाशीला गेलो. एकूण लांबी बावन्न इंच. नळी बाहेरून सदतीस.

"सदरा शिवतोस काय तिला?" काका म्हणाले.

नळी आतूनही मोजावी म्हणून मी गज हळूच आत सोडला, तोंडाशी अंगठा धरला आणि बाहेर काढून मोजलं. साडेबत्तीस. पुन्हा मोजलं, साडेबत्तीसच. नळी मागून बंद करणाऱ्या बुचाचा एक इंच सोडला, तरी साडेतीन इंच कुठे गेले?

"काका, ही भरलेली आहे."

"रिकामी हाय ती."

"शेवटची कधी ठासली होती?"

ते बोटांवर सालं मोजू लागले. मग आठवलं. एका साली डुकरं आल्याची बोंब झाली, त्यांनी बंदूक भरली, पण डुकरं आलीच नाहीत. त्याला अकरा वर्षं झाली होती.

काकी दारात आल्या. "म्हणजे अकरा दसरे मी हिच्यासमोर निरांजन ओवाळलं?"

मी बंदूक तोंड भिंतीकडे करून ठेवली आणि अर्जात ओळ वाढवली : 'नळीत सुमारे साडेतीन इंच जुना बार असावा.' काकांनी माझं मनगट धरलं. "परवाना न्हाय त्यात भरलेली. बाबा, मी घरी परत येन का?"

"काढणाऱ्याच्या हातात फुटली तर?" मी विचारलं. त्यांनी मनगट सोडलं आणि अर्जावर अंगठा उठवला.

सोमवारी आम्ही दोघं पोलीस ठाण्यात गेलो. काकांनी धोतर नवं नेसलं होतं आणि पिशवीत एक घोंगडी घेतली होती, आत राहावं लागलंच तर म्हणून. फौजदारांनी अर्ज दोनदा वाचला.

"हे साडेतीन इंच कुणी काढले?"

मी मोजमाप सांगितलं.

"इथं येणारी प्रत्येक बंदूक सापडलेली असते आणि रिकामी असते," ते म्हणाले. "ही पहिलीच भरलेली. आजोबा, घोंगडी घेऊन घरी जा. आमचा माणूस येईल. तोवर तिला हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी एक जाणते हवालदार आले. दोन शेजारी पंच झाले. हवालदारांनी नळीत पाणी ओतून ते मुरू दिलं आणि मग गजाच्या टोकाला आकडा लावून काळा चिखल, चिंध्या आणि छर्रे बाहेर काढले. काकींनी त्यांना चहा दिला आणि अंगण दोनदा सारवलं. पावतीवर 'बंदूक एक, गज एक' लिहिलं होतं. वरिष्ठांचा हुकूम पुढे पावसाळ्यात आला : स्वतः होऊन जमा केल्याने खटला नाही. तो मी काकांना तीनदा वाचून दाखवला; चौथ्यांदा त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून त्यांच्यासमोर मला वाचायला लावला.

पुढच्या दसऱ्याला पूजेच्या पाटावर फाळाशेजारी जागा रिकामी होती.

"पट्टी आणलीस?" काकांनी विचारलं.

खिशात होतीच. त्यांनी ती तिथं उलगडून ठेवली, वर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहिलं, आणि काकींनी निर्धास्तपणे निरांजन ओवाळलं. त्या पट्टीचे पहिले चार इंच हळदीने पिवळे झाले, ते धुऊनही गेले नाहीत. पुढे कित्येक वर्षं कारखान्यात कापड मोजताना तिथले आकडे मी अंदाजानेच वाचत असे. माझ्या कामात अंदाज तेवढाच.