भावाच्या जिभेचं कौतुक

आमच्या गावात अब्रूदार माणूस गुत्त्यावर जात नसे. ओढ्यापलीकडं बोरींच्या झाडांत हातभट्टीचा गुत्ता होता. तिथं बसून पिणारी माणसं हलकी, असं गावातल्या मोठ्या घरांचं मत होतं. मग मोठी घरं काय ताक पीत होती? तीही तेच पीत, फक्त आपापल्या ओसरीवर बसून. दारू आणायला पोरं होती. दहा-अकरा वर्षांची पोरं शाळा सुटली की दप्तरात रिकामी बाटली घालून जायची आणि भरून आणायची. पोराच्या हातात बाटली दिसली तर कुणाची अब्रू जात नव्हती.

गुत्तेवाला पाणी मिसळायचा आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून पोराला निघतानाच बजावलं जायचं, "तिथंच चाखून घे. पाणी असंल तर आणू नको." पोरगं बुचभर तोंडात घ्यायचं, जिभेवर घोळवायचं आणि मान हलवायचं. नंतर थुंकून टाक, असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

माझा धाकटा भाऊ या कामात एक नंबर होता. नऊ वर्षांचा असल्यापासून तो हे करत होता, आणि बाराव्या वर्षी त्याची जीभ गल्लीभर नावाजलेली होती. आमच्याशिवाय आणखी चार घरांची बाटली तोच आणायचा. "ह्याची जीभ लई पक्की हाय, थेंबभर पाणी असलं तरी बराबर पकडतो," असं माझा बाप पाहुण्यांना सांगायचा. बाकीच्यांची पोरं पाढे म्हणून दाखवायची, आमच्याकडं हे कौतुक. मायही काही बोलायची नाही. नवरा घरात बसून पितो, बाहेर पडून राहत नाही, एवढ्यावर ती समाधानी होती.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. मी दहावीत होते. गांधी जयंतीला शाळेनं दारूबंदीची प्रभातफेरी काढली. फलकाची एक काठी माझ्या भावाच्या हातात होती आणि त्याच्या तोंडाला आदल्या संध्याकाळचा वास येत होता. घोषणा देणाऱ्या गुरुजींची बाटली कोण आणतं, तेही मला माहीत होतं. मी चालता चालता थांबले. माझ्या वर्गातल्या चार मैत्रिणी थांबल्या. फेरी पुढं गेली. आम्ही पाच जणी तिथंच रस्त्यावर ठरवलं की पोरांचं हे चाखणं बंद करायचं. मोठ्यांनी प्यावं नाहीतर मरावं.

ओढ्याच्या अलीकडं हापसा होता. संध्याकाळी आम्ही घागरी घेऊन तिथं उभ्या राहू लागलो. बाटली घेऊन येणाऱ्या पोराला अडवायचं, अर्धी दारू मातीत ओतायची आणि हापशाचं पाणी भरून बाटली परत द्यायची. पोरांना दम दिला होता की कुठं बोललात तर याद राखा. आमचा हिशोब असा होता की पाणचट दारू आली की लोक गुत्तेवाल्यावर उलटतील, गुत्ता उठेल आणि पोरांचं जाणं आपोआप थांबेल. एका दगडात दोन पक्षी! आम्हाला स्वतःच्या हुशारीचा फार गर्व झाला होता.

गुत्तेवाल्यापुढं कुणी हूं की चूं केलं नाही. तो सगळ्यांच्या गरजेचा माणूस होता. लोक पोरांवर उलटले. पहिल्याच दिवशी बापानं घोट घेतला, थुंकला आणि भावाच्या कानाखाली वाजवली. "जीभ मेली का रं तुझी?" भावानं माझ्याकडं बघितलं, पण माझं नाव सांगितलं नाही. मी चुलीपुढं भाकरी थापत बसले. मला वाटलं, एक थप्पड खाईल, पण यातून सुटेल तरी.

तो सुटला नाही. आठवडाभरानं मी शेजारच्या घरी विरजण मागायला गेले. ओसरीवर चार माणसं बसली होती आणि मधे माझा भाऊ उभा होता. त्याच्या हातात कप होता. आता पोराच्या एका बुचावर कुणाचा भरवसा राहिला नव्हता. गुत्त्यावर दोन बुचं चाखायची आणि घरी आल्यावर सगळ्यांसमोर पुन्हा अर्धा कप प्यायचा, असा नवा कायदा निघाला होता. "सांग, पाणी हाय का न्हाई?" ते विचारत होते आणि हसत होते. त्यानं कप संपवला आणि पायरीवर ओकला. त्यातला एक जण म्हणाला, "ओकलं ते धरायचं न्हाई, परत दे त्याला." आणि त्याला परत दिली.

हे आमच्या पाण्यानं झालं होतं. आमच्या हुशारीनं घरोघरची पोरं दुप्पट पीत होती आणि आम्ही हापशावर खिदळत होतो. त्या क्षणी मला त्या माणसांचा जेवढा राग आला, तेवढाच माझाही आला. माझ्यावरचा पुढं थोडा निवला. त्यांच्यावरचा आजही तसाच आहे, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

दुसऱ्या दिवशी मी भावाच्या दप्तरातली बाटली काढून घेतली आणि स्वतः गुत्त्यावर गेले. मागून, ठरल्याप्रमाणं, त्या चौघीही आपापल्या घरची बाटली घेऊन आल्या. गुत्तेवाल्यानं आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मुकाट्यानं बाटल्या भरून दिल्या. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

ओसरीवर बाप आणि त्याचे तीन सोबती वाट बघत होते. मी त्यांच्यापुढं उभी राहिले, बूच काढलं आणि बाटली तोंडाला लावली. बाप ओरडला, "काय करून राह्यली तू?"

"पाणी हाय का बघते, आप्पा."

मी घोट गिळला. तोंड आतून सोलून निघालं. हे माझा भाऊ नऊ वर्षांचा असल्यापासून रोज गिळत होता, हे मला तेव्हा खरं कळलं आणि डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात बापाचा हात बसला. बाटली फुटली.

"पोरीच्या जातीनं दारूला तोंड लावायचं? कोण करून घेईल तुला?"

"मंग पोराच्या जातीनं लावलेलं चालतंय?"

"तो पोरगा हाय!" बाप म्हणाला. त्याच्या मते वाद तिथंच मिटला.

त्या चौघींनीही आपापल्या घरी तेच केलं. एकीला उलथन्यानं मारलं. एकीची शाळा त्याच दिवशी बंद झाली, ती कायमची. पण आम्ही उरलेल्या चौघी दुसऱ्या दिवशी पुन्हा गुत्त्याच्या वाटेला लागलो. मग मात्र गाव हललं. चौथ्या दिवशी अब्रूदार माणसं स्वतःच्या पायांनी, टोपी डोळ्यांवर ओढून ओढा ओलांडताना दिसली. पोरांना पाठवणं थांबलं. पोराची आतडी जळतात, ते एवढ्या वर्षांत कुणाला दिसलं नव्हतं. पोरींची सोयरीक मोडेल, ते चार दिवसांत दिसलं. याला कुणी विजय म्हणू नये.

गुत्त्यावर जाणं सुटलं त्या पहिल्या संध्याकाळी भाऊ दारातून आत, आतून दारात करत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला घाम फुटला, जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी तो माझ्या अंगावर धावून आला आणि दंडाला चावला. "मला जाऊ दे, अक्का," म्हणून रडायला लागला. बारा वर्षांचं पोर, आणि त्याला ती हवी होती. बाप बाजेवर पीत बसला होता. भाऊ त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता तरी या माणसाला काही कळेल. बापानं बुचात ओतली आणि त्याला दिली. "घे, आणि गप बस."

सकाळच्या एसटीनं मी भावाला परतूरला मावशीकडं नेलं. मायनं अडवलं नाही, दोन भाकऱ्या बांधून दिल्या. वाटभर तो मला शिव्या देत होता. मावशीच्या घरात पितं माणूस नव्हतं. पंधरा दिवस तो नीट जेवला नाही, नीट झोपला नाही. मग एका दुपारी त्यानं दोनदा भात मागून घेतला. मावशीनं त्याचं नाव तिथल्या शाळेत घातलं. माझ्याशी तो दिवाळीपर्यंत बोलला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी मावशीकडं असताना बाप त्याला न्यायला आला. इस्त्रीचा सदरा, हातात लाडूंचा डबा. भाऊ मावशीच्या मागं उभा राहिला.

"चल रं, घरी चल. माय वाट बघून राह्यली."

भावानं विचारलं, "मला परत पाजनार न्हाई ना, आप्पा?"

बाप दचकला. त्यानं मावशीकडं, माझ्याकडं, दारात जमलेल्या शेजाऱ्यांकडं बघितलं. "मी? मी कधी पाजली रं तुला?"

तो खोटं बोलत नव्हता. मी त्याचा चेहरा बघत होते. आपण पोराला कामाला पाठवत होतो, दारू पाजली नव्हती, असंच त्याला मनापासून वाटत होतं.

भाऊ आतल्या खोलीत गेला आणि त्यानं कडी लावली. बाप डबा हातात घेऊन माझ्याकडं वळला आणि म्हणाला, "तू तरी सांग त्याला, मी तसा न्हाई."

मी म्हणाले, "शेवटची गाडी साडेपाचला हाय, आप्पा. निघा."