धणे भाजताना

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. त्यामुळे मी काही लिहायला बसणं हा आगाऊपणाच वाटतो, सांभाळून घ्यावं.

आज हॉस्टेलच्या गच्चीवर कुणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या. त्या पाहून आई आठवली. दोन वर्षांपूर्वी ताप आला आणि तिला वास येईनासा झाला. माशाचा मसाला तर सगळा नाकावर चालतो. तिरफळातल्या काळ्या बिया काढणं, मिरच्यांची देठं खुडणं ती एकटी करायची. धणे भाजताना मात्र मला चुलीजवळ बसवायची.

"झाले काय रे?"

"अजून नाय, आये."

"नाक जाग्यार हा मा तुझा?"

मी हसायचो. आपल्याच हातची चव दुसऱ्याला विचारावी लागते, तेव्हा माणसाला काय वाटत असेल, हे मला तेव्हा सुचलं नाही. यंदा मी इथे आहे आणि मसाल्याला ती एकटी.

आत्ताच तिचा फोन आला.

"धणे करपले रे सगळे."

ती तेव्हा कुठे होती, मी विचारलं.

"मी भायर अंगणात होतंय," ती म्हणाली, "थंय माका वास इलो."